पुस्तक हातात घेऊन

रोमन लिपीत ‘व्ही. के. राजवाडे’ एवढंच छापलेलं असेल, तर ते राजवाडे कोणते? मराठी वाचक चटकन इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाड्यांचं नाव घेईल. पण त्यांचे थोरले बंधू वैजनाथ काशिनाथ राजवाडे हेही तोलामोलाचे विद्वान. वेदवाङ्मय आणि यास्काचं निरुक्त हे त्यांचं क्षेत्र. मराठीत एक ‘वि. का.’ आणि दुसरे ‘वै. का.’, वेलांटी आणि मात्रा एवढ्यावर दोन भाऊ वेगळे राहतात. रोमन आद्याक्षरांत तेवढाही आधार उरत नाही. मग निरुक्तावरचं काम आणि मराठ्यांच्या इतिहासाची साधनं एकाच माणसाच्या खात्यावर जमा होण्याचा धोका असतो. एकदा तालिकेत तसं झालं, की ती तालिका पाहून लिहिणारा प्रत्येक जण ती चूक पुढे नेतो.

तसं होऊ नये म्हणून कुणीतरी दोन्ही पुस्तकं उघडून, दोन्ही प्रस्तावना वाचून, दोन माणसं वेगळी केलेली असावी लागतात. यंदाच्या दिवाळी अंकासाठी संपादकांनी ‘शोध’ हा विषय दिला तेव्हा मला या ‘कुणीतरी’कडे जावंसं वाटलं. शोध लावणाऱ्यांवर पुष्कळ लिहिलं जातं. पण शोधणाऱ्याच्या आधी नोंद करणारा येऊन गेलेला असतो. ग्रंथपाल, सूचिकार, दफ्तरखान्यात रुमाल सोडून कागद लावणारा लिपिक. त्यांचं काम नीट झालं की ते दिसत नाही, आणि म्हणून त्याची किंमतही होत नाही. ते काम प्रत्यक्षात चालतं कसं, हे पाहायला मी निघालो.

दाखल क्रमांक

दक्षिण महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावातलं हे वाचनालय. १९६७च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली मान्यता मिळालेली दहा हजारांहून अधिक ग्रंथालयं राज्यात आहेत. अ, ब, क, ड असे त्यांचे वर्ग असतात आणि वर्गानुसार अनुदान. हे त्यांतलंच एक, ‘ब’ वर्गातलं. खाली वर्तमानपत्रं वाचणाऱ्यांचं लांबलचक टेबल, वर देवघेव विभाग, त्याच्यामागे लोखंडी घोडे आणि त्यांवर पुस्तकं. ग्रंथपाल मॅडम पन्नाशीच्या आहेत. सभासद त्यांना ‘ताई’ म्हणतात, समिती ‘मॅडम’ म्हणते.

नव्या पुस्तकांचा गठ्ठा आला होता. पुस्तक घोड्यावर जाण्याआधी त्याच्यावर काय काय होतं ते त्यांनी करून दाखवलं. आधी बिलाशी ताळा. मग दाखल नोंदवही: दाखल क्रमांक, दिनांक, लेखक, ग्रंथनाम, प्रकाशक, प्रकाशनाचं वर्ष, पानं, किंमत, विक्रेता, शेरा. मग शिक्का, एक मुखपृष्ठामागच्या पानावर आणि एक आतल्या ठरलेल्या गुप्त पानावर. पहिली पानं फाडून कुणी पुस्तक आपलं म्हणू लागलं, तर ते पान साक्ष देतं. कितवं पान, ते त्यांनी मला सांगितलं नाही, आणि ते योग्यच झालं.

दाखल क्रमांक एकदा दिला की तो कायमचा. पुस्तक हरवलं, वाळवीनं खाल्लं, रीतसर निर्लेखित झालं, तरी तो क्रमांक दुसऱ्या पुस्तकाला मिळत नाही. समोर फक्त ‘गहाळ’ किंवा ‘बाद’ असा शेरा पडतो. त्यामुळे ही नोंदवही काय आहे याचीच नव्हे, काय होतं याचीही याद ठेवते. मॅडमनी एका जुन्या वहीतली पानं उलटून दाखवली. चाळीसेक वर्षांपूर्वी या गावात कोणती नाटकं वाचली जात, त्यांतली कोणती परत आलीच नाहीत, हे तिथून कळतं. असा पुरावा कुठल्याही वाङ्मयेतिहासात मिळणार नाही.

मग वर्गांक. मेल्विल ड्यूईनं १८७६मध्ये अमेरिकेत छापलेली दशांश पद्धत आपल्याकडच्या बहुतेक ग्रंथालयांत चालते. तिच्यात इंग्रजी साहित्याला ८२०, जर्मनला ८३० अशी ऐसपैस घरं आहेत. जगातल्या उरलेल्या बहुसंख्य भाषांची दाटी ८९०मध्ये. त्या दाटीत मराठी साहित्याचा क्रमांक ८९१.४६. कविता ८९१.४६१, नाटक ८९१.४६२, कादंबरी ८९१.४६३. धर्माच्या वर्गातही तीच गत: बहुतेक सगळी जागा ख्रिस्ती धर्माला, बाकीचे सारे धर्म शेवटच्या २९०मध्ये. अंक जगभर चालतो, पण तो ठरवणाऱ्याची बसायची जागा त्याच्यात कायमची उमटलेली असते. वाचनालयात हजारो कादंबऱ्यांना एकच ८९१.४६३ मिळतो, म्हणून लेखकाच्या आडनावाची आद्याक्षरं जोडून ग्रंथांक करावा लागतो. छोट्या वाचनालयांत बऱ्याचदा तेवढंही होत नाही. कादंबरी, चरित्र, प्रवास, बाल अशा ढोबळ पाट्या आणि त्याखाली दाखल क्रमांकानं रांग. मॅडमचं यावरचं मत स्पष्ट होतं: “वाचक ड्यूईसाठी येत नाही. पण उद्या मी नसेन तर पुस्तक माझ्या डोक्यातून काढावं लागू नये, एवढी तरी शिस्त हवी.”

चौकोनी कंस

मला सर्वांत जास्त गुंतवून ठेवलं ते जुन्या पुस्तकांच्या नोंदींनी. एक जाडसर आख्यानसंग्रह टेबलावर होता. बांधणी करताना कधीतरी कुणीतरी मुखपृष्ठ काढून टाकलेलं, शीर्षकपान अर्धं फाटलेलं, वर्ष गेलेलं. प्रस्तावनेच्या खाली मात्र तिथी शाबूत होती: माघ शुद्ध पंचमी, शके १८१२. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, ही शाळेतली रीत. ती लावली तर १८९०. पण माघ महिना येईपर्यंत इंग्रजी वर्ष उलटलेलं असतं; म्हणून इथे ७९ मिळवायचे, आणि प्रस्तावना १८९१ची ठरते. पुस्तक त्याच वर्षी छापून बाहेर पडलं का? बहुधा. पण बहुधाच.

आता ही ‘बहुधा’ नोंदीत कशी लिहायची? तालिकीकरणाच्या नियमांत याची सोय आहे. शीर्षकपानावर जे छापलेलं आहे ते तसंच लिहायचं. तिथे नसलेलं, तालिकाकारानं इतर कुठून मिळवलेलं किंवा अनुमानानं ठरवलेलं, ते चौकोनी कंसात. खात्री नसेल तर कंसात प्रश्नचिन्हही. म्हणून त्या नोंदीत ‘[१८९१?]’ असं गेलं. एवढ्याशा खुणेत तीन गोष्टी आहेत: वर्ष पुस्तकावर नाही, ते आम्ही काढलं आहे, आणि आम्हाला पूर्ण खात्री नाही. पुढच्या माणसाला दुसरीकडे धड शीर्षकपानाची प्रत मिळाली, तर तो कंस काढील.

विश्वासार्ह माहिती कशाला म्हणायचं, याचं उत्तर मला त्या कंसात मिळालं. जी माहिती आपण कुठून आलो ते सांगते, तीच तपासता येते. मोबाईलवर येणाऱ्या मजकुरात चुका असतात हे खरंच आहे. त्याहून वाईट हे की त्यात कंस नसतात. पाहिलेलं, ऐकलेलं आणि रचलेलं एकाच ठाम आवाजात येतं.

एक माणूस, अनेक नावं

मराठी लेखकांना टोपणनावांचा सोस फार, आणि त्याचा भार सूचिकारांवर. केशवसुत म्हणजे कृष्णाजी केशव दामले, बी म्हणजे नारायण मुरलीधर गुप्ते, ग्रेस म्हणजे माणिक गोडघाटे. राम गणेश गडकरी नाटकात स्वतःच्या नावानं, कवितेत गोविंदाग्रज, विनोदात बाळकराम. वाचक यांतल्या कुठल्याही नावानं येईल, आणि त्याला सगळं सापडलं पाहिजे. त्यासाठी एक नाव प्रमाण ठरवायचं आणि बाकीच्या नावांखाली ‘पाहा’ असं लिहून तिकडे पाठवायचं. जुन्या तालिकापत्रांच्या खणांत अशी पत्रं असायची. ‘गोविंदाग्रज: पाहा गडकरी, राम गणेश’. त्या पत्रावर पुस्तकाची माहिती काहीच नाही, फक्त वाट दाखवलेली.

पण प्रमाण नाव कोणतं? ‘विशाखा’ कुसुमाग्रजांची आणि ‘नटसम्राट’ वि. वा. शिरवाडकरांचं. कवितेला एक नाव आणि नाटकाला दुसरं, हा भेद लेखकानं स्वतः आयुष्यभर पाळला. तो पुसून टाकायचा अधिकार सूचिकाराला आहे का? नियम म्हणतात, लेखकानं जाणीवपूर्वक दोन वाङ्मयीन ओळखी ठेवल्या असतील तर दोन्ही राहू द्या आणि ‘हेही पाहा’नं जोडा. आरती प्रभू आणि चिं. त्र्यं. खानोलकर यांचंही तसंच. आणि कागदोपत्रीचं मूळ नाव धरून बसायचं म्हटलं, तर शिरवाडकरांचं जन्मनाव गजानन. दत्तक गेल्यावर ते विष्णू वामन झाले. ‘गजानन’ या नावानं त्यांना कोण शोधणार?

स्त्रियांच्या बाबतीत हा प्रश्न नाजूक होतो. १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ आलं तेव्हा विभावरी शिरूरकर कोण, यावर महाराष्ट्रात वादळ उठलं. त्या माहेरच्या बाळूताई खरे, लग्नानंतर मालतीबाई बेडेकर. तीन नावांमागे एक बाई आहे हे जोडून ठेवलं नाही, तर एका आयुष्याचे तीन तुकडे तीन खणांत पडतात. नाव बदलण्याची सक्ती समाजानं बाईवर केली, आणि तिची किंमत तिच्या लेखनाला मोजावी लागते. लग्नाआधी मासिकांतून दोन-चार चांगल्या कथा लिहून पुढे दुसऱ्या आडनावानं थांबलेल्या किती जणी अशा हरवल्या असतील, हा विचार मला तिथे बसल्या बसल्या सोडेना.

आजच्या प्रणालींत ‘पाहा’ची पत्रं गेली. न्यूझीलंडमध्ये जन्मलेलं ‘कोहा’ किंवा आपल्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचं ‘ई-ग्रंथालय’ यांत तीच जोडणी पडद्यामागे करता येते. करता येते एवढंच; करणारा माणूस लागतोच. टोपणनाव आणि खरं नाव यांचा संबंध यंत्राला आपोआप कळत नाही, तो आधी कुणीतरी सांगितलेला असावा लागतो.

शंकर गणेश दाते

मराठीतलं या कामाचं सर्वांत मोठं नाव शंकर गणेश दाते. जन्म १९०५, मृत्यू १९६४. त्यांची ‘मराठी ग्रंथसूची’ १९४३मध्ये बाहेर पडली, १८०० ते १९३७ या काळात छापल्या गेलेल्या मराठी पुस्तकांची. पुढचा भाग, १९३८ ते १९५०चा, १९६१मध्ये. पहिला भाग त्यांनी स्वतःच प्रसिद्ध केला.

त्यांच्या आधी याद्या नव्हत्या असं नाही. मुंबई इलाख्यातल्या देशी प्रकाशनांची एक यादी अलेक्झांडर ग्रँट यांनी १८६०च्या दशकात केली होती. १८६७च्या कायद्यानं छापखान्यांवर पुस्तकांच्या प्रती सरकारकडे देण्याचं बंधन आलं आणि तिमाही याद्या निघू लागल्या. ब्रिटिश म्युझियममधल्या मराठी-गुजराती पुस्तकांची सूची ब्लूमहार्ट यांनी १८९२मध्ये छापली. पण सरकारी यादी बनते ती प्रती पोहोचल्या तर, आणि लंडनची यादी म्हणजे लंडनला पोहोचलेली पुस्तकं. मराठीत एकूण काय छापलं गेलं, हे सांगणारं कुणी नव्हतं.

दाते ग्रंथालयं हिंडले. विनायक लक्ष्मण भाव्यांनी १८९३मध्ये ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय काढलं, १८९८मध्ये मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय उभं राहिलं. मराठीत छापलेलं प्रत्येक पुस्तक जमवावं ही या संग्रहालयांची आकांक्षा. अशा संस्थांतून, गावोगावच्या वाचनालयांतून, शक्य तिथे पुस्तक प्रत्यक्ष हातात घेऊन दात्यांनी नोंदी केल्या. विषयवार मांडणी, मागे लेखकांची आणि ग्रंथनामांची सूची. ना संगणक, ना मोबाईलचा कॅमेरा. एकाच पुस्तकाची पुण्यातली प्रत आणि नागपुरातली प्रत एकाच आवृत्तीची आहे की नाही, हे ठरवायला एक तर स्मरणशक्ती किंवा चिठ्ठ्यांचा ढीग. आपल्याकडे ‘आवृत्ती दुसरी’ असं छापलेलं असतं आणि आत एक अक्षर बदललेलं नसतं. कधी उलट, पुनर्मुद्रण म्हणून छापतात आणि एक प्रकरण गाळलेलं असतं. हे पानं उलटल्याशिवाय कळत नाही.

मराठी वाङ्मयाचा कोणताही अभ्यासक ‘दाते सूची’ एवढंच म्हणतो. लेखकाचं नाव ग्रंथाचं नाव होऊन बसलेलं आहे. राज्य मराठी विकास संस्थेनं पुढे तिचं पुनर्मुद्रण केलं, आणि १९५० नंतरच्या पुस्तकांच्या सूचीचं काम शरद केशव साठे यांनी नेटानं पुढे नेलं. एकेका माणसानं आयुष्य लावून केलेली ही कामं आहेत. मला त्यांच्याविषयी कृतज्ञता वाटते, आणि त्याच वेळी राग येतो, की दोनशे वर्षांच्या ग्रंथव्यवहाराची नोंद ठेवणं हे काम आपण एकेकट्या माणसाच्या चिकाटीवर सोडून दिलं.

कायदे आहेत. १९५४च्या ग्रंथ प्रदान कायद्यानं प्रत्येक प्रकाशकानं पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्ली इथल्या ग्रंथालयांना तीस दिवसांत स्वखर्चानं पाठवायची असते. न पाठवल्यास दंड ठरला तो जास्तीत जास्त पन्नास रुपये आणि पुस्तकाची किंमत. कोलकात्याहून निघणारी भारतीय राष्ट्रीय ग्रंथसूची या प्रतींवरच उभी असते. म्हणजे प्रत गेली नाही तर पुस्तक राष्ट्रीय सूचीत येत नाही. १८६७च्या कायद्याची जागा २०२३च्या नव्या कायद्यानं घेतली, पण तो फक्त नियतकालिकांपुरता आहे. पुस्तकं त्यातून बाहेर राहिली. स्वतःच्या खर्चानं तीनशे प्रती काढणारा खेड्यातला कवी या व्यवस्थेत कुठे नोंदला जाणार?

अनुस्वार आणि अदृश्य चिन्हं

वि. का. राजवाड्यांनी १८९८पासून छापलेल्या खंडांचं नाव ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’. आज कुणी शोधचौकटीत ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ असं लिहिलं आणि नोंद मूळ शीर्षकाप्रमाणे असेल, तर साध्या शोधयंत्राला दोन्ही वेगळी वाटतात. दोन अनुस्वारांचा फरक. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२मध्ये मान्य झाले आणि उच्चारात नसलेले अनुस्वार लेखनातून गेले. त्याआधीची दीडशे वर्षांची छापील मराठी मात्र ‘नांव’, ‘कांहीं’, ‘घरें’ अशीच आहे. तालिकाकाराला शीर्षक जसंच्या तसं लिहावं लागतं, कारण तो साक्षीदार आहे. आणि वाचक आजच्या लेखनानं शोधणार. म्हणून चांगल्या नोंदीत दोन्ही रूपं ठेवतात: छापील शीर्षक एका जागी, आजच्या लेखनातलं दुसऱ्या जागी.

याच्याही खाली एक थर आहे, डोळ्यांना न दिसणारा. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे आलं ते २००८मध्ये. त्याआधी आणि सवयीनं त्यानंतरही लोक ‘अ’वर चंद्र देऊन ते बनवत आले. पडद्यावर दोन्ही सारखीच, संगणकाच्या लेखी वेगळी. ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’ यांतला अर्धा र दोन प्रकारांनी टंकता येतो. एका प्रकारात मध्ये न दिसणारं जोडचिन्ह असतं. एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात हेच घडताना पाहिलं. वाचकाला पुस्तक घोड्यावर दिसत होतं, आणि संगणक ‘नाही’ म्हणत होता. तिथल्या तरुण ग्रंथपालानं शीर्षक पुन्हा टंकलं, जतन केलं, आणि पुस्तक ‘सापडलं’. मग तो म्हणाला, “सर, ही एक नोंद झाली. अशा किती असतील ते शोधायलाही आधी त्या सापडायला हव्यात.” तो आता रात्री घरी बसून सगळ्या नोंदींवर एक छोटा प्रोग्रॅम चालवतो आहे, सगळी अक्षरं एका रूपात आणण्यासाठी. त्याचा वेगळा मोबदला त्याला मिळत नाही.

तालुक्याच्या वाचनालयात याच्या आधीची अवस्था होती. पूर्वीच्या कुणीतरी मेहनतीनं सगळ्या पुस्तकांची यादी संगणकावर केली होती, पण युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये. तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर ती यादी म्हणजे रोमन अक्षरं आणि चिन्हं यांचा खच. मजकूर नष्ट झालेला नाही, पण वाचता येत नाही. रूपांतर करणारी साधनं मिळतात. जोडाक्षरांवर ती अडखळतात, आणि मग प्रत्येक ओळ पुस्तकाशी ताडून पाहावी लागते.

डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाच्या प्रकल्पात मराठीची कितीतरी दुर्मीळ पुस्तकं स्कॅन झाली, आणि त्यांच्या प्रती आज इंटरनेट आर्काइव्हवर कुणालाही मोफत मिळतात. गावात बसून शंभर वर्षांपूर्वीचं पुस्तक उघडता येणं ही लहान गोष्ट नाही. पण त्यांतली शीर्षकं रोमन लिपीत, ज्याला जसं सुचलं तसं टंकून गेलेली. जाणकार मंडळी एकाच पुस्तकासाठी चार-पाच रोमन स्पेलिंगं लावून पाहतात. पुस्तक जगासमोर ठेवलेलं आहे आणि नोंद ढिली म्हणून ते लपलेलं आहे.

“आढळली नाही”

दुपारी एक शिक्षक वाचनालयात आले. शाळेच्या कार्यक्रमात वाचायची एक कविता त्यांच्या मोबाईलवर आली होती, खाली कुसुमाग्रजांचं नाव. “ताई, ही कोणत्या संग्रहातली, तेवढं सांगा.” ओळी गोड होत्या, उपदेश भरपूर होता.

मॅडमनी आधी त्यांना विचारलं, कुठून आली, आणखी कुणाच्या नावानं पाहिली का. मग संग्रह काढले. अनुक्रमणिका आणि जिथे असेल तिथे प्रथम ओळींची सूची. निवडक कवितांची संपादनंही पाहिली. कविता कुठेच नव्हती. मला वाटलं, आता त्या म्हणतील, ‘ही त्यांची नाही.’ त्या म्हणाल्या, “आपल्याकडच्या संग्रहांत आढळली नाही. एखाद्या जुन्या मासिकात आली असेल आणि संग्रहात घेतली नसेल, तर मला इथून सांगता येणार नाही. कार्यक्रमात त्यांचं नाव घेऊ नका.”

‘नाही’ आणि ‘आढळली नाही’ यांत अंतर आहे, आणि ते पाळणं हीच या व्यवसायाची सचोटी. कुठे पाहिलं हे सांगायचं, कुठे पाहिलं नाही हेही सांगायचं, आणि तेवढ्यावर काय करावं हे समोरच्याला नेमकं सांगायचं. शिक्षकांनी शेवटी ‘विशाखा’तलीच एक कविता नेली.

असे प्रश्न रोज येतात, आणि विचारलेला प्रश्न बऱ्याचदा खरा प्रश्न नसतो. गेल्या काही वर्षांत ‘गावाचा जुना इतिहास’ मागणारे वाढले आहेत. दोन-चार वाक्यं बोललं की कळतं, त्यांना आरक्षणासाठी लागणारी कुणबी नोंद हवी असते. २०२३मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि जुन्या महसुली, शालेय, जन्म-मृत्यूच्या नोंदवह्या राज्यभर धुंडाळल्या जाऊ लागल्या. त्यांतल्या कितीतरी मोडीत, मराठवाड्यातल्या उर्दूत. लाखो कुटुंबांचं भवितव्य ज्या कागदांत होतं ते कागद होते. ते वाचू शकणारी माणसं मात्र हातावर मोजण्याइतकी. मोडी हा छंदाचा विषय मानून आपण पिढ्या घालवल्या. पुण्याच्या पेशवे दफ्तरात हजारो रुमाल बांधून ठेवलेले आहेत, आणि त्यांची तपशीलवार सूची करायची तर आधी मोडी सफाईनं वाचणारे हात हवेत.

मॅडमकडे या लोकांना देण्यासारखं पुस्तक नसतं. त्या त्यांना तहसीलच्या अभिलेख कक्षात कोणती नोंदवही मागायची, तिचं नेमकं नाव काय, कोणत्या सालांतली, हे कागदावर लिहून देतात. रंगनाथन यांनी १९३१मध्ये ग्रंथालयशास्त्राचे जे पाच नियम मांडले, त्यांतला एक वाचकाचा वेळ वाचवण्याविषयी आहे. तालुक्याच्या गावातल्या मजुराचा एक दिवसाचा रोज बुडणं वाचवणारी ती चिठ्ठी म्हणजे तो नियम प्रत्यक्षात आलेला.

दिवाळी अंक कुठे जातात

हा लेख ज्या प्रकारच्या अंकात छापला जातोय, त्याबद्दलही सांगायला हवं. १९०९मध्ये काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि एक परंपरा सुरू झाली. (मित्र हेही घेतलेलं नाव, मूळचे ते आजगावकर.) मराठीतल्या कितीतरी मोलाच्या कथा, मुलाखती, दीर्घ लेख पहिल्यांदा दिवाळी अंकांत आले, आणि त्यांतले बरेच पुढे पुस्तकात आलेच नाहीत.

नियतकालिकांतल्या लेखांपर्यंत पोहोचायला आपल्याकडे एक भक्कम साधन आहे. दात्यांच्या नावानं उभ्या राहिलेल्या सूचिमंडळानं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाच्या आधारानं केलेली मराठी नियतकालिकांची सूची. १८०० ते १९५०पर्यंतचे लेख त्यात विषयवार मांडलेले आहेत. १९५०नंतर? काही मासिकांच्या स्वतंत्र सूच्या झाल्या, काही संशोधकांनी प्रबंधांसाठी केल्या. पण मराठी दिवाळी अंकांचा सर्वांत बहराचा काळ त्याच्यानंतरचा, आणि त्याची एकत्र सूची नाही. साठच्या दशकात कोयनेच्या भूकंपावर, सत्तरच्या दशकात दुष्काळी कामांवर दिवाळी अंकांत काय काय लिहून आलं, हे आज विचारलं तर उत्तर कुणाच्या तरी आठवणीत शोधावं लागतं.

वाचनालयांत दिवाळी अंकांची योजना असते. जादा वर्गणी भरायची आणि डिसेंबर-जानेवारीपर्यंत, कुठे पाडव्यापर्यंत, अंक आलटून पालटून न्यायचे. हात लागून लागून कव्हरं सुटतात. योजना संपली की अंक गठ्ठ्यात बांधून माळ्यावर, आणि माळा भरला की रद्दीत. अंकांना बहुतेक ठिकाणी दाखल क्रमांक देत नाहीत, त्यामुळे ते गेल्याचा शेराही कुठे पडत नाही.

मॅडमनी तीन वर्षांपूर्वी माळ्यावरचे गठ्ठे उतरवले. त्या आणि शेजारच्या गावातले निवृत्त मुख्याध्यापक मिळून आता एक तक्ता भरतात: अंकाचं नाव, वर्ष, संपादक, लेखाचं शीर्षक, लेखक, पानं, विषय. विषयाच्या रकान्यावर दोघांचे वाद होतात. विहिरीवरचा लेख ‘पाणी’त घालायचा की ‘शेती’त की ‘बांधकामा’त? शेवटी तीनही शब्द द्यायचे ठरलं. जाहिरातींची पानं आधी त्या सोडून देत होत्या. मुख्याध्यापकांनी सांगितल्यावर गावातल्या जुन्या पेढ्या, कारखाने, नाटक कंपन्या यांच्या जाहिरातीही नोंदू लागल्या, कारण त्यांची माहिती दुसरीकडे कुठेच नाही. अंकाची अनुक्रमणिका पाहून तक्ता भरत नाहीत. अनुक्रमणिकेत छापलेला लेख आत नसतो, किंवा लेखकाचं नाव आत वेगळं असतं, हे त्यांना पहिल्याच गठ्ठ्यात कळलं होतं.

मधली काही वर्षं त्यांच्याकडे नाहीत. कोल्हापूर-सांगलीकडच्या दोन वाचनालयांत त्यांतले काही अंक निघाले. तिथले ग्रंथपाल अंक पाठवू शकत नाहीत, पण पानांची छायाचित्रं पाठवतात. त्या नोंदींपुढे मॅडम ‘छायाचित्रावरून’ असं लिहितात. मी होतो त्या दिवशी १९७२चा एक अंक चालू होता. दुष्काळावरचा वीस पानी लेख, लेखकाचं नाव फक्त आद्याक्षरांत. मुख्याध्यापकांना ते कोण असावेत याचा अंदाज होता, पटण्यासारखा होता. मॅडमनी नाव चौकोनी कंसात घातलं, पुढे प्रश्नचिन्ह दिलं, आणि शेऱ्याच्या रकान्यात अंदाज कशावरून केला ते लिहून पुढचं पान उलटलं.